इंग्रजी शब्दांची निवड आणि वापर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी वाक्य व्याकरणात बसते, त्यातला प्रत्येक शब्द कोशात सापडतो, आणि तरीही ते खटकते. याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. शब्द अर्थ पाहून उचललेला असतो, पण तो कोणत्या शब्दांबरोबर नांदतो आणि त्याच्यामागे कोणती रचना येते, हे पाहिलेले नसते. खालची बरीचशी उत्तरे याच दोन गोष्टींकडे परत परत येतात.

दोन शब्दांचा अर्थ एकच असेल, तर कोणता घ्यावा?

पहिली कसोटी सोबतीची. 'स्ट्राँग' आणि 'पॉवरफुल' या दोन्हींना मराठीत 'जोरदार' किंवा 'शक्तिशाली' म्हणता येईल. पण कडक चहा 'स्ट्राँग टी' असतो, 'पॉवरफुल टी' नव्हे. इंजिन मात्र 'पॉवरफुल'. पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग', रहदारी पुन्हा 'हेवी'. याला तर्क नाही, वहिवाट आहे. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, हे जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडले, आणि आजचे चांगले कोश त्याच पायावर उभे आहेत. मराठीतही आपण पैज लावतो आणि शपथ घेतो. दोन्हींना 'करणे' लावले तर अर्थ कळेल, पण ऐकणारा थबकेल.

चूक 'मेक' केली जाते. 'डू अ मिस्टेक' चुकीचे आहे, आणि 'कमिट अ मिस्टेक' अवजड वाटते, कारण 'कमिट' हे क्रियापद गुन्हा, खून, फसवणूक अशा शब्दांबरोबर राहते. 'डिसिजन' मात्र 'मेक' करा किंवा 'टेक' करा. दुसरा प्रयोग ब्रिटनमध्ये चालतो, पहिला सगळीकडे.

दुसरी कसोटी पातळीची. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर जुन्या इंग्रजीवर फ्रेंचचा थर चढला, आणि पुढे विद्वानांनी लॅटिनचा चढवला. त्यामुळे एकाच कल्पनेला कधी कधी तीन शब्द मिळतात: 'आस्क' मूळचा इंग्रजी, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून आलेला, 'इंटरॉगेट' लॅटिनमधला. तुम्ही मित्राला 'आस्क' करता, साक्षीदाराला 'क्वेश्चन' करता आणि आरोपीला 'इंटरॉगेट' करता. 'बिगिन' आणि 'कमेन्स', 'बाय' आणि 'पर्चेस', 'एंड' आणि 'टर्मिनेट' यांतही हेच अंतर आहे. मोठा शब्द घातला की लेखन भारदस्त होते हा समज सोडून द्यावा. साध्या ई-मेलमध्ये 'कमेन्स' आणि 'पर्चेस' आले की मजकूर नोटिशीसारखा वाचला जातो. 'काइंडली'चेही तसेच. आपल्याला तो नम्र वाटतो, पण ब्रिटिश किंवा अमेरिकन वाचकाला त्यात त्रासिक हुकूम ऐकू येऊ शकतो. 'प्लीज' पुरेसा आहे.

शब्दाची सोबत बरोबर आहे का, हे स्वतः कसे तपासायचे?

इंग्रजी-मराठी कोशावर थांबू नका. तो अर्थ देतो, वापर देत नाही. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश उघडा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांचे असे कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. नोंदीत चार गोष्टी क्रमाने वाचा.

१. नामापुढे मोजण्याजोग्यासाठी 'सी' आहे की न मोजण्याजोग्यासाठी 'यू'.
२. क्रियापदानंतर काय येते. नोंदीत 'एसबी' म्हणजे कोणीतरी आणि 'एसटीएच' म्हणजे काहीतरी. 'एक्सप्लेन एसटीएच टू एसबी' असे दिसले की 'एक्सप्लेन मी' चालणार नाही हे तिथेच कळते.
३. 'फॉर्मल', 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड' यांसारखा शिक्का.
४. उदाहरणवाक्ये. यांत ठळक केलेले शब्द म्हणजेच नेहमीची सोबत.

तरीही शंका उरली तर गूगलचे एनग्राम व्ह्यूअर वापरा. दोन पर्याय स्वल्पविराम देऊन लिहिले की छापील पुस्तकांत कोणता किती वेळा आला, याच्या रेषा दिसतात. एखाद्या जागी कोणता शब्द येतो हे माहीत नसेल तर तिथे तारका टाका. त्या जागी सर्वाधिक येणारे दहा शब्द मिळतात. ब्रिटिश आणि अमेरिकन पुस्तकांचा संग्रह वेगवेगळा निवडण्याचीही सोय आहे. बोलीभाषा, वृत्तपत्रे, संशोधनलेखन असा फरक पाहायचा असेल तर अमेरिकन इंग्रजीचा 'कोका' हा १ अब्जाहून अधिक शब्दांचा संग्रह आहे, आणि ब्रिटिश इंग्रजीसाठी १० कोटी शब्दांचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस.

साध्या गूगल शोधात किती निकाल आले यावर मात्र विसंबू नका. तो आकडा ढोबळ असतो, आणि चुकीचे प्रयोगही लाखांनी सापडतात.

'सोमवारपर्यंत' म्हणायचे असेल तर 'बाय मंडे' की 'अन्टिल मंडे'?

मराठीतला 'पर्यंत' दोन कामे करतो, इंग्रजीने ती वाटून दिली आहेत. एखादी गोष्ट मुदतीआधी एकदा घडायची असेल तर 'बाय'; एखादी स्थिती त्या क्षणापर्यंत चालू राहायची असेल तर 'अन्टिल' किंवा 'टिल'. अर्ज सोमवारपर्यंत द्या: 'सबमिट द फॉर्म बाय मंडे.' कार्यालय सोमवारपर्यंत बंद आहे: 'द ऑफिस इज क्लोज्ड अन्टिल मंडे.' खूण अशी: मराठी वाक्यात 'सोमवारच्या आत' बसत असेल तर 'बाय', 'सोमवार येईतोवर' बसत असेल तर 'अन्टिल'.

या 'अन्टिल'मध्ये आणखी एक पेच आहे. कार्यालय सोमवारी उघडणार की मंगळवारी? बहुतेक वाचक सोमवारी असेच समजतील, पण सगळे नाही. अमेरिकन इंग्रजीत 'थ्रू मंडे' म्हटले की सोमवार धरून, हे स्पष्ट होते. ब्रिटिश वाचकासाठी 'अप टू अँड इन्क्लुडिंग मंडे' लिहा. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे वाक्य उलटवणे: 'द ऑफिस रीओपन्स ऑन ट्यूजडे.'

मग 'अन्टिल'मधला नकार. आपण म्हणतो, 'तो येत नाही तोपर्यंत थांब.' या वाक्याचा साचा जसाच्या तसा उचलला की 'वेट अन्टिल ही डझन्ट कम' तयार होते, आणि ते चूक आहे. 'तो येत नाही'मधला नकार 'अन्टिल'च्या पोटातच आहे. 'वेट अन्टिल ही कम्स' एवढेच हवे. नकार मुख्य भागात चालतो: 'डोन्ट लीव्ह अन्टिल आय कॉल.' 'अनलेस'लाही हाच नियम.

'एका तासात येतो' याला 'इन अॅन अवर' म्हणावे का?

बेताने. 'आय विल कम इन अॅन अवर' याचा अर्थ तासाभराने, म्हणजे तास संपताना. तासाच्या आत कधीही असे म्हणायचे असेल तर 'विदिन अॅन अवर'. बैठकीला माणसे वीस मिनिटांनंतरच वाट पाहू लागतात की पूर्ण तासानंतर, हे या एका शब्दावर ठरते. काम पूर्ण व्हायला लागलेला वेळ सांगताना मात्र 'इन'च बरोबर: 'शी फिनिश्ड इट इन अॅन अवर.'

'सिन्स', 'फॉर' आणि 'फ्रॉम' यांत गोंधळ का होतो?

कारण तिन्हींच्या जागी मराठीत 'पासून' येऊ शकतो. 'सिन्स'नंतर सुरुवातीचा क्षण येतो: 'सिन्स २०१९', 'सिन्स मंडे'. 'फॉर'नंतर कालावधी येतो: 'फॉर थ्री इयर्स'. 'फ्रॉम' तेव्हा, जेव्हा शेवटही सांगायचा असतो किंवा सुरुवात पुढे व्हायची असते: 'फ्रॉम नाइन टू फाइव्ह', 'फ्रॉम नेक्स्ट मंथ'.

'आय अॅम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स' या वाक्यात चुका दोन आहेत. 'सिन्स'च्या जागी 'फॉर' हवा ही एक. दुसरी काळाची: मराठीत 'तीन वर्षांपासून काम करतो आहे' असा वर्तमानकाळ चालतो, पण इंग्रजीला इथे 'हॅव' लागतो. बरोबर वाक्य: 'आय हॅव वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स' किंवा 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स'. 'हॅव' गळला आणि 'आय वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स' उरले, तर अर्थ होतो की नोकरी सोडली. अर्जात ही चूक महागात पडते, कारण वाक्य निर्दोष दिसते आणि माहिती चुकीची जाते.

'डिस्कस अबाउट' चूक कसे? 'डिस्कशन अबाउट' तर सगळे लिहितात.

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरही त्यातच आहे. 'डिस्कशन' नाम आहे, 'डिस्कस' क्रियापद. नाम स्वतः कर्म घेऊ शकत नाही, म्हणून त्याला जोडायला 'अबाउट', 'ऑफ', 'फॉर' असा दुवा लागतो. हे क्रियापद कर्म थेट घेते, त्याला दुवा नको. नामाची सवय क्रियापदाला चिकटते आणि चूक होते. अशा जोड्या पुष्कळ आहेत: 'अ रिक्वेस्ट फॉर हेल्प' पण 'रिक्वेस्ट हेल्प', 'एम्फसिस ऑन क्वालिटी' पण 'एम्फसाइझ क्वालिटी', 'अॅन ऑर्डर फॉर बुक्स' पण 'ऑर्डर बुक्स', 'लॅक ऑफ टाइम' पण 'वी लॅक टाइम', 'अॅन आन्सर टू द क्वेश्चन' पण 'आन्सर द क्वेश्चन'. 'मेन्शन', 'डिस्क्राइब', 'कॉन्टॅक्ट', 'रीच', 'रिझेम्बल' यांनाही दुवा लागत नाही. 'मॅरी'लाही नाही: 'शी मॅरीड हिम.' मात्र अवस्था सांगताना 'मॅरीड टू', 'मॅरीड विथ' नव्हे.

उलट चूक 'एक्सप्लेन मी' आणि 'सजेस्ट मी अ बुक' यांत आहे. 'गिव्ह', 'टेल', 'शो', 'सेंड' ही छोटी, जुनी क्रियापदे माणूस आणि वस्तू शेजारी शेजारी घेतात: 'गिव्ह मी अ बुक'. लॅटिन वळणाची लांब क्रियापदे बहुतांशी तसे घेत नाहीत. त्यांना 'टू' द्या: 'एक्सप्लेन इट टू मी', 'डिस्क्राइब द प्रॉब्लेम टू अस'. 'सजेस्ट'च्या बाबतीत माणूस गाळणेच उत्तम: 'कॅन यू सजेस्ट अ बुक?' 'ऑफर' आणि 'प्रॉमिस' अपवाद आहेत.

'इन्फर्मेशन्स', 'अॅडव्हाइसेस', 'सॉफ्टवेअर्स' म्हणता येते का?

नाही. ही नामे इंग्रजीत पाण्यासारखी आहेत. त्यांना नग नसतो. 'फर्निचर', 'इक्विपमेंट', 'लगेज', 'एव्हिडन्स', 'फीडबॅक', 'होमवर्क', 'रिसर्च' हीसुद्धा त्याच घरातली. यांच्याआधी 'अॅन' किंवा 'अ' येत नाही, शेवटी 'एस' येत नाही आणि 'मेनी'ऐवजी 'मच' येतो. 'न्यूज'च्या शेवटी 'एस' दिसला तरी ते एकवचनच: 'द न्यूज इज गुड.'

मोजायचेच असेल तर दोन मार्ग. एक, पुढे मापाचा शब्द लावा: 'अ पीस ऑफ अॅडव्हाइस', 'टू आयटम्स ऑफ लगेज'. दुसरा जास्त नैसर्गिक: मोजता येणारा वेगळा शब्दच घ्या. 'सॉफ्टवेअर्स'ऐवजी 'प्रोग्रॅम्स', 'रिसर्चेस'ऐवजी 'स्टडीज', 'इक्विपमेंट्स'ऐवजी 'मशीन्स' किंवा 'डिव्हायसेस'.

डोक्यावरचे केस मराठीत अनेकवचनी, म्हणून 'माय हेअर्स आर लाँग' तोंडात येते. इंग्रजीत सगळे मिळून 'हेअर इज'. 'टू हेअर्स' म्हणजे सुटे दोन केस. काही नामे दोन्ही बाजूंना असतात आणि अर्थ बदलतात: 'एक्सपीरिअन्स' म्हणजे साठलेला अनुभव, 'एक्सपीरिअन्सेस' म्हणजे घडलेले प्रसंग, 'वर्क' म्हणजे काम, 'वर्क्स' म्हणजे कलाकृती किंवा कारखाना.

'लेस' की 'फ्यूअर'?

मोजता येते तिथे 'फ्यूअर', नाही तिथे 'लेस', असे शाळेत शिकवतात. रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने १७७० साली ही आपली पसंती म्हणून लिहिली होती, पुढच्यांनी तिचा नियम केला. औपचारिक लेखनात तो पाळावा, कारण मोडला तर लक्ष वेधले जाते: 'फ्यूअर मिस्टेक्स', 'लेस नॉइज'. पण अंतर, वेळ आणि पैसे यांत आकडा असूनही 'लेस'च हवा: 'लेस दॅन टेन किलोमीटर्स', 'लेस दॅन फाइव्ह मिनिट्स'. तिथे आपण नग मोजत नसतो, एकूण राशी पाहत असतो. 'फ्यूअर दॅन टेन किलोमीटर्स' हे नियमाच्या धाकाने केलेले चुकीचे इंग्रजी आहे.

मराठीतल्या 'च'साठी 'ओन्ली' किंवा 'इटसेल्फ' वापरावे का?

नेहमी नाही. 'मी कालच सांगितले' याचे 'आय टोल्ड यस्टरडे ओन्ली' होते, 'आजच पाठवा'चे 'सेंड टुडे इटसेल्फ'. भारताबाहेरचा वाचक पहिल्याचा अर्थ 'फक्त काल, त्याआधी नाही' असा घेईल आणि दुसऱ्याशी अडखळेल. 'ओन्ली' बाकीचे सगळे वगळतो. आपला 'च' पुष्कळदा फक्त जोर देतो.

इंग्रजी तो जोर तीन प्रकारे देते. बोलताना त्या शब्दावर आघात देऊन. लिहिताना वाक्य फोडून: 'तिनेच सांगितले' म्हणजे 'इट वॉज शी हू टोल्ड मी', बोलण्यात 'इट वॉज हर'. किंवा नेमका वेगळा शब्द आणून: 'आजच' म्हणजे 'टुडे, प्लीज' किंवा 'बाय द एंड ऑफ टुडे', 'त्याच दिवशी' म्हणजे 'दॅट व्हेरी डे', 'इथेच' म्हणजे 'राइट हिअर'. कालच सांगितले असेल तर 'आय टोल्ड यू जस्ट यस्टरडे' किंवा 'आय ऑलरेडी टोल्ड यू यस्टरडे', रोख कशावर आहे त्याप्रमाणे.

'ओन्ली' खरोखर लागतो तेव्हा तो ज्याला मर्यादा घालतो त्याच्या शेजारी ठेवा. 'ओन्ली शी रेड द रिपोर्ट' आणि 'शी रेड ओन्ली द रिपोर्ट' ही दोन वेगळी विधाने आहेत.

'लेट्स' आणि 'लेट अस' एकच ना?

जवळजवळ. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत, इंग्रजीत दोन्हींना 'वी'. 'लेट्स गो' म्हणजे नेहमी 'आपण जाऊ या'. 'लेट अस गो' मात्र 'आम्हांला जाऊ द्या' असेही होते. ई-मेलमध्ये 'वी विल डिसाइड' लिहिले तर वाचणारा त्या 'वी'त आहे की नाही हे कळत नाही. 'यू अँड आय' किंवा 'अवर टीम' लिहा.

सारखे दिसणारे कोणते शब्द सर्वांत जास्त फसवतात?

'अफेक्ट' बहुधा क्रियापद, परिणाम करणे. 'इफेक्ट' बहुधा नाम, परिणाम. 'इफेक्ट' क्रियापद म्हणून आला तर अर्थ होतो घडवून आणणे: 'इफेक्ट अ चेंज'.

'हार्डली' हे 'हार्ड'चे क्रियाविशेषण नव्हे. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कष्ट करतो. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जवळपास काहीच करत नाही. शिफारसपत्रात हे दोनदा पाहा. तसेच 'लेट' उशिरा, 'लेटली' हल्ली.

सहल मजेत गेली तर ती 'फन'. 'फनी' म्हणजे हसू आणणारी किंवा विचित्र. 'इकॉनॉमिक' अर्थव्यवस्थेचे, 'इकॉनॉमिकल' काटकसरीचे. 'हिस्टॉरिक' इतिहासात मोलाचे, 'हिस्टॉरिकल' इतिहासाशी संबंधित. बोलणारा सुचवतो ते 'इम्प्लाय', ऐकणारा अनुमान काढतो ते 'इन्फर'.

'इन्फ्लेमेबल'चा गोंधळ खरोखर धोकादायक आहे. त्यातला 'इन' नकाराचा नाही. अर्थ 'चटकन पेटणारे' असाच आहे. म्हणून इशाऱ्याच्या पाट्यांवर 'फ्लेमेबल' लिहावे, आणि न पेटणाऱ्यासाठी 'नॉनफ्लेमेबल'.

'अ' की 'अॅन'?

अक्षर पाहू नका, उच्चार ऐका. 'अॅन अवर', 'अॅन ऑनेस्ट मॅन', 'अॅन एमबीए'. पण 'अ युनिव्हर्सिटी', 'अ युरोपियन', 'अ वन-वे स्ट्रीट'. देवनागरीत उच्चार लिहून पाहिला की उत्तर समोर येते: सुरुवातीला स्वर असेल तर 'अॅन'.

ब्रिटिश लिहावे की अमेरिकन?

वाचक ज्या बाजूचा, ते. आणि एका मजकुरात एकच. नोआ वेब्स्टरच्या १८२८ च्या कोशाने अमेरिकन स्पेलिंगला बळ दिले, पण स्पेलिंगचा फरक त्रासदायक असला तरी अर्थ बिघडवत नाही. 'ऑर्गनाइझ'मध्ये 'झेड' म्हणजे अमेरिकनच, हेही खरे नाही. ऑक्सफर्डचा मोठा कोश 'झेड'च वापरतो. 'अॅडव्हाइज', 'सरप्राइज', 'एक्सरसाइज' यांत मात्र दोन्हीकडे 'एस'च रूढ आहे.

अर्थ उलटवणारे शब्द लक्षात ठेवा. प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेणे, अमेरिकेत बाजूला ठेवणे. 'क्वाइट गुड' ब्रिटिश तोंडी पुष्कळदा 'बरे आहे', अमेरिकन तोंडी 'फारच छान'. 'फर्स्ट फ्लोअर' अमेरिकेत तळमजला. 'बिलियन' आता दोन्हीकडे १०० कोटी, पण ब्रिटन सरकारने तो अर्थ १९७४ मध्ये स्वीकारला; त्याआधीच्या ब्रिटिश मजकुरात तो १ लाख कोटी असू शकतो.

'प्रीपोन', 'डू द नीडफुल', 'रिव्हर्ट' चुकीचे आहेत का?

'प्रीपोन' चांगला घडलेला शब्द आहे, ऑक्सफर्डच्या कोशात भारतीय इंग्रजी म्हणून नोंदला आहे. भारतीय वाचकाला खुशाल लिहा. इतरांना 'ब्रिंग फॉरवर्ड' किंवा 'मूव्ह अप' कळेल. 'रिव्हर्ट'चा इतरत्र अर्थ पूर्वस्थितीला जाणे, म्हणून उत्तर मागताना 'रिप्लाय' घ्या. 'डू द नीडफुल' मात्र सोडाच, जुनाट म्हणून नव्हे तर त्यात नेमके काय करायचे ते सांगितलेले नसते म्हणून. 'प्लीज साइन पेज थ्री अँड सेंड इट बॅक' लिहिले तर काम होते.

वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय आणि एका माणसासाठी 'दे' चालते का?

दोन्ही चालतात. वाक्य 'विथ', 'फॉर', 'अबाउट' यांनी संपवू नये ही तक्रार कवी जॉन ड्रायडनने १६७२ मध्ये केली. इंग्रजीचा स्वभाव तसा नव्हता आणि आजही नाही; 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर?' हेच सरळ वाक्य आहे. एकवचनी 'दे' तर चौदाव्या शतकापासून सापडतो. स्त्री की पुरुष हे ठाऊक नसेल तर 'समवन लेफ्ट देअर बॅग' लिहा. संशोधनलेखनातली एपीए शैलीही २०१९ च्या सातव्या आवृत्तीपासून याला मान्यता देते. क्रियापद मात्र अनेकवचनीच ठेवा: 'दे आर', 'दे इज' नव्हे; 'यू'चेही तसेच असते.

'बायवीकली' आणि 'नेक्स्ट फ्रायडे' यांचा नेमका अर्थ काय?

'बायवीकली' म्हणजे आठवड्यातून दोनदा किंवा दोन आठवड्यांतून एकदा. कोश दोन्ही अर्थ देतात आणि दोन्ही बरोबर आहेत. म्हणून 'ट्वाइस अ वीक' किंवा 'एव्हरी टू वीक्स' लिहा. 'नेक्स्ट फ्रायडे' मंगळवारी म्हटले तर कोणी तीन दिवसांनी येईल, कोणी दहा दिवसांनी. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी आणि निर्बंधही. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. अशा शब्दांत नियम शोधत बसू नये. 'सँक्शन'ऐवजी 'अप्रूव्ह' किंवा 'पीनलाइझ' घ्यावा आणि वाराशेजारी तारीख लिहावी. तारखेत महिना आकड्यात नव्हे, अक्षरांत; कारण ०५/०६ हा ब्रिटिश वाचकाला ५ जून असतो आणि अमेरिकन वाचकाला ६ मे.